गोळी पहिल्याच दिवशी मेंदूत पोचते, मग बरं वाटायला महिना का लागतो? (सेरोटोनिन, डिप्रेशन आणि प्रथिनांची भानगड)

शाहूपुरी_लॅब | मंगळवार, रात्री ९:१०

राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, शिक्षण बायोकेमिस्ट्रीचं. हल्ली काउंटरवर एक नवीनच मागणी येते: "जरा सेरोटोनिन बघून द्या." हातात मोबाइल आणि त्यात फॉरवर्ड, की डिप्रेशन म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन (मज्जापेशींमधला निरोप्या रेणू) कमी होणं. बी-१२ कमी तसं हे कमी, मोजा आणि भरून काढा.

परवा गडहिंग्लजकडच्या एक मावशी मुलाला घेऊन आल्या. पोरगा खाली मान घालून बाकड्यावर. मावशींनी पिशवीतून स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. एस्सिटालोप्रॅम (डिप्रेशनची गोळी) दहा मिलिग्रॅम, अर्धी अजून भरलेली. "एवढ्या गोळ्या खाल्ल्या, काय फरक न्हाई. सेरोटोनिन वाढलंच नसंल. तपासा आणि न्हाई वाढलं तर बंद करतो."

ही तपासणी त्यासाठी नाहीच, हे त्यांना सांगितलं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. तिथून रक्तात येतं ते प्लेटलेट्स गोळा करून ठेवतात. मेंदूचं सेरोटोनिन मेंदूतच बनतं आणि रक्तातलं तिकडे जाऊ शकत नाही. रक्तातला आकडा मुख्यतः कार्सिनॉइड नावाच्या गाठींच्या संशयात बघतात. त्यात गंमत अशी, की एस्सिटालोप्रॅमसारखी गोळी ज्या प्रथिनाला अडवते (सेरोटोनिन उचलून पेशीत परत नेणारं 'सर्ट') तेच प्रथिन प्लेटलेटवरही असतं. म्हणजे गोळी नीट चालू असेल तर प्लेटलेटमधलं सेरोटोनिन उलट घटतं! मावशींना रिपोर्ट दिला असता तर त्यांनी त्याच दिवशी गोळी बंद केली असती.

पण त्यांच्या प्रश्नात दम होता. गोळी 'सर्ट'ला काही तासांत अडवते. नेहमीच्या डोसला मेंदूतले साधारण ८० टक्के 'सर्ट' अडलेले असतात, हे पेट स्कॅनने दाखवलेलं आहे. नुसतं सेरोटोनिन वाढवायचं काम असतं तर उद्या सकाळी बरं वाटायला हवं. वाटत नाही. दोन ते चार आठवडे जातात, कधी सहा. मधल्या काळात आत काय चाललेलं असतं, त्यासाठी हा धागा.

थोडा इतिहास, कारण त्यात आपली सर्पगंधा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. तिच्यातून काढलेलं रेसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचे साठे रिकामे करतं, आणि ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी आल्या. दुसरीकडे अमेरिकेत १९५२ च्या सुमारास क्षयाच्या रुग्णांना इप्रोनायझिड दिलं तर ते वॉर्डात खुशीत फिरायला लागले. हे औषध त्याच रसायनांची मोडतोड थांबवत होतं. या दोन टोकांवरून १९६० च्या दशकात 'रसायन कमी म्हणून डिप्रेशन' हा तर्क उभा राहिला. औषधावरून आजाराचं कारण ठरवलं गेलं, खरी गडबड तिथेच.

---

गंगावेस_कट्टा | मंगळवार, रात्री ९:३२

पयला!

भावा, लिवलंयस झकास, पन निम्मं डोक्यावरनं गेलं. सेरोटोनिन पेशीला चिकटलं की फुडं काय हुतंय ते सांग. आनि प्रथिनं म्हंजे आमच्या तालमीतली दूध-बदामाची न्हवं ना?

---

शाहूपुरी_लॅब | मंगळवार, रात्री ९:५५

@गंगावेस, तीच, पण इथे ती खायची नाहीत, पेशीत काम करणारी आहेत.

सेरोटोनिन पेशीच्या आत शिरून निरोप देत नाही (एक अपवाद आहे, तो पुढे येईलच). पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, बाहेरून चिकटतं. माणसात असे डझनाहून जास्त प्रकारचे रिसेप्टर आहेत, सात कुळांतले. एक सोडला तर बाकी सगळे 'जी-प्रोटीन'मार्फत काम करतात. रिसेप्टर हलला की आवरणाच्या आतल्या बाजूला असलेलं जी-प्रोटीन सुटतं आणि पुढच्या एन्झाइमला चालना देतं किंवा दाबतं. जी-एस जातीचं असेल तर पेशीत सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या) वाढतं, जी-आय असेल तर घटतं. सायक्लिक एएमपी वाढलं की त्यापुढची किनेझ एन्झाइमं इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवतात, काही जीन चालू होतात, मज्जापेशींना वाढीची रसदही मिळते. पॉल ग्रीनगार्ड यांना २००० साली नोबेल मिळालं ते मुख्यतः याच फॉस्फेटच्या कामासाठी.

मुद्दा असा की सेरोटोनिन तेवढंच असूनही निरोप मोठा किंवा बारीक होऊ शकतो. वाटेतल्या प्रथिनांवर काय बसवलंय आणि ती आवरणात कुठे उभी आहेत, यावर ते ठरतं.

---

उद्यमनगर_भट्टी | मंगळवार, रात्री १०:२०

धागा वाचून राहवलं नाही. मी स्वतः ही गोळी घेतलेला माणूस आहे. फौंड्रीचा धंदा, ऑर्डरी थांबलेल्या, झोप गेलेली, पोरांवर खेकसायचं आणि रात्री मोरीत जाऊन रडायचं. बायकोनं दवाखान्यात नेलं. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंड कोरडं आणि उलट जास्त बेचैनी. मला वाटलं, डॉक्टरनं फसवलं. आमच्या दाजींनी तर "असल्या गोळ्यांची सवय लागते, रंकाळ्याला चार फेऱ्या मार" म्हणून स्ट्रिप फेकायला लावली होती. बायकोनं कचऱ्यातनं उचलून आणली.

मी मनाची समजूत अशी घातली की मोल्डमध्ये लोखंड ओतलं की लगेच फोडत नाही आपण, कास्टिंग निवू द्यावं लागतं. तसंच असंल. बरोबर का, शाहूपुरी?

---

पन्हाळा_धुकं | मंगळवार, रात्री १०:४८

@उद्यमनगर दादा, वहिनींना नमस्कार सांगा. पण कास्टिंग आपोआप निवतं, मेंदू इथे आपोआप काही करत नाही. तो आधी चक्क गोळीच्या विरोधात जातो. (विद्यापीठात बायोटेकला पीएचडी करतेय, विषय वेगळा आहे पण हे वाचन चालू असतं.)

सेरोटोनिन बनवणाऱ्या मज्जापेशी मेंदूच्या बुंध्यात राफे नावाच्या भागात असतात. त्यांच्या स्वतःच्या अंगावर ५-एचटी१ए हा रिसेप्टर असतो, जी-आय जातीचा. आसपास सेरोटोनिन वाढलं की तो पेशीला गप्प करतो. गोळी सुरू झाली, सेरोटोनिन वाढलं, यानं लगेच गळा दाबला. दोनेक आठवडे सतत मारा झाल्यावर हा पहारेकरी बधिर होतो आणि मग पेशी मोकळ्या होतात. उशिराचं हे जुनं आणि बऱ्यापैकी मान्य उत्तर.

आता प्रथिनांवर काय 'बसवलंय' ते. याच ५-एचटी१ए रिसेप्टरच्या शेपटाकडे दोन सिस्टीन (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा, अमायनो आम्ल) आहेत, ४१७ आणि ४२० क्रमांकाच्या जागी. त्यांच्यावर पाल्मिटिक आम्ल, म्हणजे सोळा कार्बनची चरबीची साखळी, बसवली जाते. याला पाल्मिटॉयलेशन म्हणतात. ती असेल तर रिसेप्टर आवरणातल्या योग्य जागी बसतो आणि जी-आयशी नीट जुळतो. नसेल तर रिसेप्टर आहे, सेरोटोनिनही आहे, पण निरोप पुढे जात नाही.

जर्मनीत हॅनोव्हरच्या गटाने २०१९ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये दाखवलं की डिप्रेशनसारखी लक्षणं असलेल्या उंदीर-घुशींच्या मेंदूत या रिसेप्टरचं पाल्मिटॉयलेशन घटलेलं असतं. डिप्रेशनमध्ये आत्महत्या केलेल्या माणसांच्या मेंदूच्या पुढच्या भागातही तसंच दिसलं. साखळी बसवणारं एन्झाइम झेडडीएचएचसी२१, तेही कमी होतं. उंदरात हे एन्झाइम मुद्दाम कमी केलं तर तसलीच लक्षणं आली.

रक्तात सोडा, मेंदूतसुद्धा नुसतं सेरोटोनिन मोजून ही गोष्ट कळली नसती.

---

आजरा_घनसाळ | बुधवार, सकाळी ७:१५

सगळं वाचलं. माझा मुद्दा कडू आहे.

२०२२ च्या जुलैत लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्रीमध्ये आधीच्या सगळ्या आढाव्यांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याला सातत्यपूर्ण पुरावा नाही. मग तीस-पस्तीस वर्षं लोकांना 'केमिकल इम्बॅलन्स' सांगून गोळ्या कशा विकल्या? आता तो तर्क बुडायला लागला म्हटल्यावर पाल्मिटॉयलेशन काढलंत. उद्या हेही बुडेल, परवा तिसरं काढाल.

आमच्या भागात उसाला दर नाही, पोरांना लग्नाला मुली नाहीत, नोकरी नाही. त्यातून येणारी उदासी झेडडीएचएचसी२१ मुळे आली म्हणायचं का?

---

ओपीडी_नंबर_४ | बुधवार, दुपारी ३:०५

मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, म्हणून @आजरा यांना उत्तर देतो. तुमचा निम्मा मुद्दा मान्य. 'सेरोटोनिन कमी आहे' हे वाक्य आमच्यातल्याही अनेकांनी सोपं म्हणून वापरलं, आणि पेशंटला तेच लक्षात राहिलं. ते सोडायला हवं होतं.

पण तो तर्क पडला म्हणून औषध पडत नाही. २०१८ साली लॅन्सेटमध्ये सिप्रियानी यांच्या गटाने ५२२ चाचण्या एकत्र करून २१ औषधं तपासली, एक लाख सोळा हजारांवर रुग्ण. सगळीच औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीत माफक आहे, चमत्कार नाही, हेही त्यातच लिहिलंय. रोज ओपीडीत तसंच दिसतं. काही जण पूर्ण उभे राहतात, काहींना थोडा आधार मिळतो, काहींना औषध बदलावं लागतं.

आणि उसाचा दर आणि एन्झाइम ही दोन वेगळी उत्तरं का मानता? ताण बाहेरूनच येतो, पण तो पेशीत कुठेतरी नोंदला गेल्याशिवाय माणसाची झोप आणि भूक कशी जाईल? सौम्य डिप्रेशनला मी सरसकट गोळी देत नाही, बोलण्याचे उपचार आधी. पण माणूस जेवायचा थांबला, मरणाचं बोलायला लागला, तर दर वाढायची वाट बघत बसायचं नसतं.

कुणाच्या घरी आत्ता तशी वेळ असेल तर टेली मानस हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

शाहूपुरी_लॅब | बुधवार, रात्री ८:४०

काल जी-एस सांगितलं होतं, तिथून पुढे. या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेला भाग हा.

पेशीचं आवरण सगळीकडे सारखं पातळ नसतं. कोलेस्टेरॉलमुळे घट्ट झालेले भाग असतात, त्यांना लिपिड राफ्ट म्हणतात. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात मार्क रासेनिक यांच्या गटाने कित्येक वर्षं एकच गोष्ट लावून धरली: जी-एस या राफ्टमध्ये अडकून पडलं तर त्याची सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमशी गाठ नीट पडत नाही. २००८ साली त्यांनी डिप्रेशन असलेल्या आणि आत्महत्या केलेल्यांच्या मेंदूत पाहिलं. एकूण जी-एस तेवढंच होतं, पण राफ्टमध्ये अडकलेलं जास्त. प्रमाण सारखं, जागा चुकलेली.

आता औषध. पेशी या गोळ्यांमध्ये दोन-तीन दिवस ठेवल्या की जी-एस राफ्टमधून हळूहळू बाहेर सरकतं. हे प्रयोग ज्या सी-६ ग्लायोमा पेशींवर (मेंदूच्या गाठीतून काढून लॅबमध्ये वाढवलेल्या) झाले त्यांच्यात 'सर्ट' नाहीच! ज्या प्रथिनाला अडवते म्हणून ही गोळी ओळखली जाते ते नसतानाही तिनं काम केलं. त्यातही एस्सिटालोप्रॅमनं केलं, त्याच रेणूच्या आरशातल्या प्रतिमेनं, म्हणजे आर-सिटालोप्रॅमनं, केलं नाही. त्यामुळे 'कुठलंही रसायन आवरणात घुसलं की असं होणारच' हे म्हणता येत नाही. आणि केटामीन (मूळचं भुलीचं औषध), ज्याचा परिणाम माणसात काही तासांत दिसायला लागतो, त्यानं त्याच पेशींत हेच काम पंधरा मिनिटांत केलं.

जी-एसला राफ्टमध्ये धरून ठेवण्यात ट्युब्युलिनचा (पेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन) हात असावा, आणि त्या ट्युब्युलिनवर अ‍ॅसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट किती बसलेत यावर पकड ठरते, असं याच गटाचं पुढचं काम सांगतं. म्हणजे इथेही पुन्हा प्रथिनावर काय बसवलंय हाच प्रश्न.

---

आजरा_घनसाळ | बुधवार, रात्री ९:२६

जी-एसचा भाग पटण्यासारखा आहे, विशेषतः आरशातल्या रेणूचं. पण पेशी बशीतल्या आणि तीन दिवस. माणसाला महिना. हिशोब जमत नाही. आणि मृत्यूनंतरच्या मेंदूत जे दिसतं ते कारण की परिणाम, हे कसं ठरवणार? आत्महत्येच्या आधीचे महिने तो माणूस झोपलेला नसतो, दारू प्यालेला असतो, वीस औषधं घेतलेली असतात.

---

पन्हाळा_धुकं | बुधवार, रात्री १०:१०

@आजरा, ही शंका रास्त आहे आणि नुसत्या मृत्यूनंतरच्या नमुन्यांवर तिचं उत्तर मिळत नाही. म्हणून तर प्राण्यांत ती गोष्ट मुद्दाम बिघडवून किंवा थांबवून बघतात. शाहूपुरींनी 'एक अपवाद' म्हणून सोडलेला धागा आता पकडते, त्यात हेच केलंय.

सेरोटोनिन स्वतःच प्रथिनावर चिकटवलं जाऊ शकतं. ट्रान्सग्लुटामिनेझ नावाचं एन्झाइम प्रथिनातल्या ग्लुटामिन या अमायनो आम्लावर सेरोटोनिनचा रेणू पक्का जोडतं. २००३ साली बर्लिनच्या संशोधकांनी हे आधी प्लेटलेटमध्ये पाहिलं आणि त्याला सेरोटोनिलेशन म्हटलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमधल्या इयान मेझ यांच्या गटाने नेचरमध्ये दाखवलं की केंद्रकात, डीएनए ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच-३ च्या पाचव्या जागेवरही सेरोटोनिन चिकटतं आणि जीन चालू राहायला मदत करतं. म्हणजे निरोप्या म्हणून प्रसिद्ध असलेला रेणू थेट आत जाऊन बसतो, रिसेप्टर नाही की जी-प्रोटीन नाही.

२०२४ मध्ये त्याच गटाने ताण दिलेल्या उंदरांच्या राफे भागात पाहिलं. सतत दांडग्या उंदराकडून मार खाणाऱ्यांच्या पेशींत हे चिकटवणं वाढलं होतं. फ्लुओक्सेटीन (याच गटातली गोळी) दीर्घकाळ दिल्यावर ते उतरलं. मग त्यांनी विषाणूमार्फत असा हिस्टोन घातला ज्याच्या त्या जागेवर सेरोटोनिन चिकटूच शकत नाही, आणि उंदरांच्या वागण्यातला बिघाड औषधाशिवाय कमी झाला. कारण की परिणाम, यावर उंदरापुरतं तरी हे उत्तर आहे. माणसात हे अजून सिद्ध व्हायचंय, यात वाद नाही.

महिन्याच्या हिशोबाबद्दल: पेशीतलं जी-एस सरकणं, पहारेकरी बधिर होणं, हिस्टोनवरच्या खुणा बदलणं, त्यातून नवी प्रथिनं बनणं, मज्जापेशींचे जोड पुन्हा बांधले जाणं, यातलं प्रत्येक वेगळ्या वेगानं चालतं. एकच कारण शोधायचा हट्ट १९६० च्या दशकातही महागात पडला होता.

---

मिरजेची_सून | गुरुवार, दुपारी १२:३०

वाखूसा (वाचनखूण साठवली). एवढं शास्त्र मला कळत नाही, साधा प्रश्न आहे. सासूबाईंना सर्ट्रालीन (याच गटातली गोळी) सुरू झालंय. गुडघेदुखीसाठी त्या मेडिकलमधून स्वतःच डायक्लोफेनॅक आणून खातात. वर शाहूपुरींनी प्लेटलेटचं लिहिलंय ते वाचून पोटात गोळा आला.

---

ओपीडी_नंबर_४ | गुरुवार, दुपारी २:१५

बरं झालं विचारलंत. रक्त गोठवताना प्लेटलेटला ते साठवलेलं सेरोटोनिन लागतं. गोळीमुळे ते घटलेलं असतं आणि वरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आलं तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, म्हाताऱ्या माणसात जास्तच. घाबरून सर्ट्रालीन बंद करू नका. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारा, आणि शौचाला काळं झालं तर लगेच दाखवा. दुसरं, ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामकं अजिबात स्वतःहून नकोत. त्यानं सेरोटोनिन जास्त होऊन थरथर, ताप, गोंधळ असा प्रकार होऊ शकतो. आपल्याकडे दुखण्याच्या गोळीत ट्रॅमाडॉल मिसळलेलं बऱ्याचदा असतं, स्ट्रिपच्या मागे वाचा.

@उद्यमनगर, तुमच्या दाजींना सांगा, या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, डोक्यात झटके आल्यासारखं, चिडचिड असा त्रास होतो, म्हणून हळूहळू उतरवतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. आणि पंचविशीच्या आतल्या मुलांवर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी बारीक लक्ष ठेवायचं. बेचैनी वाढली, जिवाचं काही बोलला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे.

---

उद्यमनगर_भट्टी | गुरुवार, सायंकाळी ६:४०

दाजींना धागा पाठवला. "लई शास्त्र झालं" असं उत्तर आलंय, पण वाचला म्हणायचा. शाहूपुरी, मग रक्तात काहीच दिसत नाही का? माझ्या टीएसएच वगैरे तपासण्या केलेल्या डॉक्टरांनी.

---

शाहूपुरी_लॅब | गुरुवार, रात्री ९:०५

त्या योग्यच केल्या दादा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर हे बघतात, कारण त्यातल्या बिघाडानं माणूस तसाच मरगळतो. डिप्रेशनची म्हणून अशी रक्ततपासणी आज आमच्या लॅबमध्ये नाही. रासेनिक यांचाच गट प्लेटलेटमधलं जी-एस किती जागं आहे ते मोजून औषध लागू पडतंय का हे लवकर ओळखता येईल का, यावर काम करतोय. तसं झालं तर रक्त तपासायची मावशींची मागणी निम्मी तरी बरोबर ठरेल. मला विचाराल तर खिशाला परवडणारी व्हायला बराच काळ जाईल.

---

गंगावेस_कट्टा | गुरुवार, रात्री ९:४८

डॉक्टर, दोन इचारू? केळ्यात सेरोटोनिन असतंय म्हनं, मग केळी खाऊन भागंल का? आनि आमच्यातला एक ही गोळी घेतोय. आखाडाची पार्टी हाय, एक-दोन पेग चालतील का त्येला?

---

ओपीडी_नंबर_४ | गुरुवार, रात्री १०:३०

केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचत नाही, रक्तातलं तिकडे जात नाही हे धाग्याच्या सुरुवातीलाच आलंय. केळी पोटासाठी खा.

पेग नको. गोळीबरोबर गुंगी वाढते हे आहेच, पण दारूनं झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढते, म्हणजे गोळीनं महिनाभर केलेल्या कामावर पाणी. त्याला पार्टीला मात्र जरूर न्या, एकटा घरी ठेवू नका. आणि "एक घेतल्यानं काय होतंय" म्हणून मागे लागणाऱ्याला त्याच्या शेजारी बसवू नका.

---

गंगावेस_कट्टा | गुरुवार, रात्री १०:३४

त्यो मागं लागणारा मीच हाय. बसतो लांब.